धनुष्कोडीचा रस्ता कोणाचा?

आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांची रामेश्वरयात्रा अलीकडे धनुष्कोडीच्या टोकाला जाऊन आल्यावांचून पुरी झाली असें मानलें जात नाहीं. देवळांतील बावीस तीर्थांचें स्नान आटोपलें, रामनाथस्वामीचें दर्शन झालें, कीं मोटार आग्नेयेकडे वळते. दोन्ही अंगांना समुद्र असलेल्या सरळ डांबरी रस्त्यावरून ती भरधांव जाते. मंडळी पडक्या चर्चच्या भिंतीपुढें उभीं राहून छायाचित्रें काढतात, भारतभूमीच्या अखेरच्या टोकाला पाय लावतात, आणि सूर्यास्तापूर्वीं परत फिरतात. पुढें घरीं येणाऱ्याजाणाऱ्यांना तीं छायाचित्रें दाखवितांना एक ठराविक वर्णन ऐकूं येतें : "रस्ता काय सुरेख आहे! आणि गांव मात्र अगदीं निर्मनुष्य. भुतांचें गांवच म्हणतात त्याला." या वर्णनाचा पूर्वार्ध खरा आहे. उत्तरार्ध धडधडीत खोटा आहे. आणि तें खोटें निरुपद्रवी नाहीं, एवढेंच प्रस्तुत लेखांत दाखवावयाचें आहे.

प्रथम रस्त्याविषयीं. रामेश्वर हें बेट, आणि धनुष्कोडी ही त्या बेटाची निमुळती होत गेलेली वाळूची जीभ. तिच्या एका बाजूला पाल्कचा उपसागर, दुसऱ्या बाजूला मनारचें आखात. टोकापासून श्रीलंकेचें तलैमन्नार तीसएक किलोमीटरांवर. मुख्य भूमीवरून येणारी पक्की सडक पूर्वीं मुकुंदरायर छत्रम् या ठिकाणीं संपत असे. तेथून थेट टोकापर्यंत, म्हणजे अरिचलमुनैपर्यंत, नेणारा राष्ट्रीय महामार्गाचा 9.5 किलोमीटरांचा तुकडा 27 जुलै 2017 रोजीं राष्ट्राला अर्पण करण्यांत आला. त्याच दिवशीं त्याच बेटावर माजी राष्ट्रपति अब्दुल कलाम यांच्या स्मारकाचेंहि उद्घाटन झालें. साडेनऊ किलोमीटर म्हणजे पायीं चालणाऱ्याला दोन तासांची वाट. एवढ्याशा वाटेला महामार्ग हें भारदस्त नांव मिळालें, याबद्दल माझी तक्रार नाहीं. तक्रार आहे ती हा महामार्ग कोणाकडे पाहून बांधला गेला आणि कोणाकडे पाठ फिरवून, याबद्दल.

या टोकाला पूर्वीं कांहींच नव्हतें, अशी कोणाची समजूत असेल तर ती इतिहासाला धरून नाहीं. 24 फेब्रुवारी 1914 रोजीं पांबनचा रेल्वेपूल खुला झाला आणि पुढच्याच आठवड्यांत, 1 मार्चला, धनुष्कोडी ते तलैमन्नार अशी आगबोट सुरू झाली. मद्रासेहून सुटलेल्या 'बोट मेल'चा उतारू धनुष्कोडीच्या धक्क्यावर उतरे, आगबोटींत बसे, आणि पलीकडच्या किनाऱ्यावर कोलंबोची गाडी पकडी. स्टेशन, टपालकचेरी, जकातीचें ठाणें, शाळा, देऊळ, चर्च, धर्मशाळा असें सर्व कांहीं त्या वाळूवर उभें राहिलें. कलाम यांच्या आत्मचरित्रांत, त्यांच्या वडिलांनीं यात्रेकरूंना रामेश्वराहून धनुष्कोडीला नेण्याआणण्यासाठीं लांकडी होडी बांधल्याचा उल्लेख आहे. म्हणजे यात्रेकरूचें पुण्य आणि किनाऱ्यावरच्या माणसाची भाकर हीं दोन्ही तेव्हां एकाच होडींतून जात असत.

22 डिसेंबर 1964 च्या रात्रीं चक्रीवादळानें हें सर्व धुऊन नेलें. पांबनहून धनुष्कोडीला निघालेली गाडी शंभराहून अधिक उतारूंसह समुद्रानें गिळली. मृतांची एकूण संख्या अठराशेच्या आसपास असल्याचा अंदाज सांगितला जातो. त्यानंतर मद्रास सरकारनें धनुष्कोडी हें ठिकाण मनुष्यवस्तीस अयोग्य म्हणून जाहीर केलें. लोहमार्ग पुन्हां घातला गेला नाहीं. आगबोट रामेश्वराहून सुटूं लागली. आणि सरकारी दृष्टीनें तें प्रकरण मिटलें.

येथें दोन आंकडे शेजारीं ठेवून पाहावेत. त्याच वादळांत पांबनच्या पुलाचे बहुतेक गाळे वाहून गेले होते. तो पूल ई. श्रीधरन् या तरुण एंजिनिअरच्या देखरेखीखालीं 46 दिवसांत पुन्हां उभा राहिला. त्या पराक्रमाचें कौतुक आपण सर्व करतों, आणि तें योग्यच आहे. पण त्या पुलापलीकडच्या टोकावर जीं माणसें वादळानंतर परत येऊन राहिलीं, त्यांच्या दारापर्यंत पक्की वाट पोंचावयास 52 वर्षें लागलीं. पुलाचें महत्त्व मोठें व वस्तीचें लहान, हें मला मान्य आहे. परंतु 46 दिवस आणि 52 वर्षें यांतील अंतर केवळ महत्त्वाच्या तारतम्यानें भरून निघत नाहीं. तें भरून काढावयाला आणखी एक कारण लागतें. आणि तें कारण असें, कीं तेथें कोणी राहतो हेंच आपण कबूल केलें नव्हतें.

वास्तविक तीं माणसें परत आलीं यांत आश्चर्य तें काय? कोळ्याला समुद्रापासून दूर नेऊन वसविणें म्हणजे कुणब्याला शेतापासून दूर नेऊन वसविण्यासारखेंच. या टोकाला तर एक नव्हे, दोन समुद्र लाभले आहेत. तेथील लोक पाल्कच्या बाजूच्या शांत समुद्राला स्त्री मानतात आणि मनारच्या बाजूच्या खवळलेल्या समुद्राला पुरुष. वारा फिरला, कीं ते या किनाऱ्यावरून त्या किनाऱ्यावर आपलीं जाळीं हलवितात. त्यांची मासेमारीची एक मुख्य रीत आपल्या कोंकणांतल्या वाचकांना सांगितल्याबरोबर ओळखूं येईल, कारण ती रापणच आहे : होडीनें जाळें समुद्रांत अर्धवर्तुळाकार टाकावयाचें आणि दोन्ही टोकांच्या दोरांना बायकापुरुषांनीं झोंबून तें किनाऱ्यावर ओढावयाचें. आपल्याकडे दुष्काळांत नदीच्या पात्रांत झिरा खणतात, तसा वाळूंत खड्डा करून त्यांत पाझरणारें गोडें पाणी तेथील स्त्रिया करवंटीनें अगर वाटीनें भरून घेत आल्या आहेत. समुद्र हाकेच्या अंतरावर असतांना त्या वाळूखालीं गोडें पाणी कोठें लागतें, हें ज्यांना पिढ्यानुपिढ्या ठाऊक आहे, त्यांच्या गांवाला निर्मनुष्य म्हणावयाचें, याला काय म्हणावें?

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. जी जागा सरकारनें मनुष्यवस्तीस अयोग्य ठरविली, त्याच जागीं सरकारनें राष्ट्रीय महामार्ग बांधला. या दोन गोष्टी एकत्र नांदूं शकतात त्या एकाच गृहीतावर : कीं तेथें माणसानें जावें, पण राहूं नये. जाणारा तो नागरिक. राहणारा तो अडथळा. ज्याच्यापाशीं मोटार आहे त्याच्यासाठीं डांबर, आणि ज्याच्यापाशीं होडी आहे त्याच्यासाठीं जुना शेरा. हें गृहीत कोणी लिहून ठेवलेलें नाहीं. परंतु लिहून न ठेवलेलीं गृहीतेंच राज्यकारभारांत अधिक बलवान असतात. जागा वस्तीस अयोग्य म्हटली, कीं घराखालच्या जमिनीचा पट्टा देतां येत नाहीं. पट्टा नाहीं म्हणून पक्कें घर नाहीं. पक्कें घर नाहीं म्हणून विजेच्या तारा कोणासाठीं ओढावयाच्या, हा प्रश्न. 2017 सालीं जेव्हां त्या झांवळ्यांच्या झोंपड्यांसमोरून गुळगुळीत रस्ता गेला, तेव्हां त्या झोंपड्यांत विजेचा दिवा नव्हता. एका शब्दाच्या पोटीं हें सारें येतें, म्हणून मीं आरंभीं म्हटलें, कीं तें खोटें निरुपद्रवी नाहीं.

यावर तीन आक्षेप हमखास घेतले जातात. तिन्ही सुशिक्षितांचे आहेत, म्हणून त्यांना क्रमानें उत्तर देणें प्राप्त आहे.

पहिला आक्षेप सुरक्षिततेचा. सरकारनें ती जागा अयोग्य ठरविली ती दयेनें, दुष्टाव्यानें नव्हे. समुद्र एकदां आला तसा पुन्हां येईल, असें म्हणतात. मला हा युक्तिवाद आदरणीय वाटतो. पण तो शेवटपर्यंत नेला पाहिजे. आज पर्यटकांना दिवसां त्या टोकाला सोडतात आणि सायंकाळीं चौकीवरून परत फिरवितात. पाहुण्याची काळजी घेतली जाते, हें ठीकच. परंतु चौकी बंद झाल्यावर त्या वाळूवर रात्र काढतो तो कोळी. धोका खरा असेल, तर वादळांत टिकणारा पक्का निवारा, वेळेवर पोंचणारी सूचना आणि रात्रींअपरात्रीं बाहेर काढावयाला वाहन, हीं प्रथम त्याच्यासाठीं हवींत. धोक्याचें नांव सांगून रहिवाशाला हक्क नाकारावयाचा आणि तोच धोका विसरून प्रवाशाला आमंत्रण द्यावयाचें, हा दयेचा प्रकार नसून सोयीचा प्रकार आहे. धोक्याला भिणारें सरकार तेथें रस्ताच बांधतें ना. आणि धोक्याला न भिणाऱ्या सरकारनें पट्टा द्यावयाला भिण्याचें कारण काय?

दुसरा आक्षेप हिशेबाचा. मूठभर कोळ्यांच्या वस्तीसाठीं एवढा खर्च करावा काय, असें विचारलें जातें. गंमत अशी, कीं हा प्रश्न रस्ता झाल्यावर कोणी विचारीत नाहीं. दवाखान्याची, पाण्याच्या टांकीची किंवा विजेची गोष्ट निघाली, कींच तो विचारला जातो. रस्त्याच्या वेळीं हिशेब माणशीं नव्हता, मोटारीमागें होता. 1914 चा लोहमार्गहि धनुष्कोडीच्या कोळ्यांकडे पाहून आला नव्हता. तो कोलंबोच्या टपालाकडे, व्यापाऱ्याकडे आणि चहाच्या मळ्यांना लागणाऱ्या मजुराकडे पाहून आला होता. म्हणूनच वाहतूक दुसरीकडे वळतांच तो पुन्हां घालावा असें कोणाला वाटलें नाहीं. जी सोय केवळ पलीकडे जाणाऱ्यासाठीं येते, ती त्याच्याबरोबर निघूनहि जाते; मागें उरते ती पडकी भिंत, आणि तिच्यापुढें उभें राहून छायाचित्र काढावयाला येणारी पुढची पिढी. आजच्या रस्त्याची गत तशीच व्हावयाची नसेल, तर त्याचा उपयोग अशा माणसांशीं बांधला गेला पाहिजे, जीं ऋतु पालटला म्हणून निघून जात नाहींत.

तिसरा आक्षेप सर्वांत गोड आहे. पर्यटक आले म्हणजे पैसा येतो. शंखशिंपल्यांच्या माळा विकल्या जातात, तळलेली मासळी खपते. म्हणजे रस्त्यानें कोळ्यांचें कल्याणच केलें नाहीं काय? कांहीं प्रमाणांत केलें, हें मी मोकळ्या मनानें कबूल करतों. वाळूंत रुतत जाणाऱ्या जुनाट गाडीवर ज्या बाळंतिणीचा जीव पूर्वीं अवलंबून असे, तिला आज डांबरी वाट आहे, आणि ही गोष्ट लहान नव्हे. मासळी ही वाट पाहणारी चीज नसते. ती दोन तास लवकर बाजारांत पोंचली तर भावांत फरक पडतो. पण रस्त्याचे हे उपयोग त्याच्या हेतूंत नव्हते, ओघांत आले. जें ओघांत येतें तें ओघांत जातेंहि. आणि माळ विकणें हा जोडधंदा म्हणून ठीक आहे. ज्याच्या बापानें दोन समुद्रांवर जाळें टाकलें, त्याच्या मुलानें मोटारीच्या खिडकीपाशीं हात पसरून उभें राहावें, यालाच जर आपण विकास म्हणणार असूं, तर आपल्या शब्दकोशांत कांहीं तरी बिघडलें आहे. पर्यटनाचा पैसा वस्तीच्या हातीं यावयाचा, तर त्या किनाऱ्यावर बसण्याचा आणि विकण्याचा हक्क वस्तीचा आहे, हें आधीं मानावें लागेल. ज्याला राहण्याचाच हक्क नाहीं, त्याला दुकान मांडण्याचा हक्क कसा असेल? कोणत्याहि दिवशीं त्याला उठवितां येतें, आणि तेंहि कायदा मोडल्याचा ठपका त्याच्याच माथीं ठेवून!

या संदर्भांत एक ताजी गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. 2025 च्या जूनमध्यें तामिळनाडु सरकारनें धनुष्कोडी येथें रोहित पक्ष्यांसाठीं पांचशें हेक्टरांहून अधिक क्षेत्राचें अभयारण्य जाहीर केलें. मनारचें आखात हें 1989 पासून संरक्षित जीवावरण क्षेत्र आहेच. या निर्णयांना माझा विरोध नाहीं. उलट, मोटारींच्या रांगा आणि कागदाप्लॅस्टिकचा कचरा यांच्यापासून त्या वाळूला कोणी तरी वांचवीत असेल, तर त्याचे आभार मानले पाहिजेत. पण मनांत विचार आल्यावांचून राहत नाहीं, कीं हिंवाळ्यापुरत्या उतरणाऱ्या पक्ष्याचा त्या भूमीवरील हक्क आपण राजपत्रांत नोंदवूं शकलों, तर बाराहि महिने तेथें राहणाऱ्या माणसाचा हक्क नोंदवितांना आपल्या लेखणीची शाई कां वाळते? आणि संरक्षणाचे निर्बंध उद्यां कोणावर पडतील? मोटारवाल्यावर कीं रापण ओढणाऱ्यावर? रस्त्याचा आजवरचा इतिहास पाहतां, या प्रश्नाचें उत्तर आगाऊ मागून ठेवणें शहाणपणाचें होईल.

हा तामिळनाडूचा प्रश्न, त्याची उठाठेव मराठी मासिकांत कशाला, असें कोणी विचारील. त्याला माझें उत्तर आहे, कीं या वाटेशीं आपला संबंध आजचा नाहीं. काशीची गंगा रामेश्वराला आणि सेतूची वाळू काशीप्रयागाला, ही यात्रा आपल्या पूर्वजांनीं पायीं केली. तंजावरच्या भोसले राजांनीं त्या वाटेवर छत्रें बांधलीं. ओरत्तनाडू येथील मुक्तांबेच्या नांवाचें छत्र हें दुसरे सरफोजी महाराज यांच्या कारकीर्दींतलें. राज्याची सत्ता कंपनी सरकारच्या हातीं गेल्यावर, 1801 सालीं, या छत्रांची व्यवस्था बुडूं नये म्हणून महाराजांनीं रेसिडेंट टोरिन यास एक पत्र लिहिलें. तें पत्र प्रत्येक सुशिक्षितानें वाचावें, विशेषतः ज्यांना रस्ता म्हणजे डांबर एवढेंच वाटतें त्यांनीं. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत जो कोणी येईल त्याला अन्न; मध्यरात्रीं घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिला असल्यास त्याला बोलावून वाढणें; आजाऱ्याला औषध आणि बरा होईपर्यंत शुश्रूषा; गरोदर स्त्रीची व्यवस्था; अनाथ मुलांचें पालन व शिक्षण; वाटेंत मरण पावलेल्याचे अंत्यसंस्कार : असा छत्राचा पसारा त्यांत सांगितला आहे. ज्याचें राज्य गेलें होतें तो राजा राज्याच्या खुणा म्हणून सिंहासनाचा नव्हे, तर वाटेवरील अन्नछत्राचा कैवार घेतो, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. त्याच्या लेखीं रस्ता म्हणजे जमिनीची पट्टी नव्हती. वाटेवर सांपडलेल्या कोणत्याहि माणसाविषयीं राज्यानें पत्करलेली ती जबाबदारी होती.

आणि योगायोग असा, कीं धनुष्कोडीच्या या साडेनऊ किलोमीटरांच्या महामार्गाचा आरंभ ज्या ठिकाणीं होतो, त्याच्या नांवांतच 'छत्रम्' हा शब्द आहे. नांव राहिलें; छत्राची कल्पना मात्र मागेंच राहून गेली. दोनशें वर्षांपूर्वीं एका मांडलिक राजाला जें सुचलें, तें महामार्ग बांधणाऱ्या स्वतंत्र राष्ट्राला सुचूं नये, ही लाजेची गोष्ट आहे.

तेव्हां मागणें काय आहे, तें स्पष्ट सांगतों. कारण केवळ टीका करून थांबणें हा आम्हां प्राध्यापक लोकांचा जुना रोग आहे. 1964 च्या त्या शेऱ्याचा उघडपणें निकाल लावावा. ती जागा खरोखरच वस्तीस अयोग्य ठरत असेल, तर तेथील प्रत्येक कुटुंबाला, मासेमारीचा किनारा न सुटेल अशा जवळच्या ठिकाणीं, त्याच्या संमतीनें घर द्यावें, आणि मग पर्यटकांच्या मोटारीहि त्याच न्यायानें अलीकडेच थांबवाव्यात. ती जागा अयोग्य ठरत नसेल, तर घराखालच्या जमिनीचा कागद, नळाचें पाणी, विजेचा दिवा, वादळांतला निवारा आणि रात्रीं उपलब्ध असणारी वैद्यकीय मदत या पांच गोष्टी रस्त्याच्याच योजनेचा भाग म्हणून द्याव्यात; दान म्हणून नव्हे, उरलेलें काम म्हणून. पर्यटकांकडून कांहीं कर घेतला जात असेल वा पुढें घेतला जाईल, त्याचा वाटा प्रथम त्या वस्तीवर खर्चावा. आणि पक्ष्यांच्या रक्षणाचे नियम करतांना रापणीच्या किनाऱ्याची हद्द कोळ्यांना विचारून आंखावी.

वाचकांकडे मागणें याहून लहान आहे. सरकारला शब्द पुरवितों तो आपण सुशिक्षित वर्ग. आपण निर्मनुष्य म्हटलें, कीं कचेरींतल्या कारकुनाला तें लिहावयाला सोपें जातें. यात्रेला अवश्य जावें. त्या दोन समुद्रांमधून जाणारी वाट पाहण्यासारखी आहे, यांत शंका नाहीं. मात्र टोकाला पोंचण्याची घाई थोडी कमी करावी, वस्तीपाशीं मोटार थांबवावी, मासळी घेतली तर तिचा भाव न घासतां द्यावा, आणि घरीं परतल्यावर, तेथें कोण राहतें असें कोणी विचारलें तर, कोळी राहतात, असें सरळ उत्तर द्यावें. रस्ता सुरेख आहे हें मग खुशाल सांगावें. तो कोणाचा आहे, हें त्या उत्तरानें ऐकणाऱ्याला आपोआप कळेल.